वर्ग, चर्च आणि मोर्चा

दुसऱ्या महायुद्धापूर्वी अमेरिकेत कॉलेजात जाणे हे बहुतांशी खाऊनपिऊन सुखी घरांतल्या मुलांपुरते होते. १९३९-४० साली देशातल्या सगळ्या कॉलेजांत आणि विद्यापीठांत मिळून सुमारे १५ लाख विद्यार्थी शिकत होते. दहा वर्षांनी ही संख्या २४ लाखांवर गेली, १९५९ मध्ये ३६ लाखांवर आणि १९६९ मध्ये ८० लाखांवर. सैनिकांसाठी झालेला एक कायदा, रशियाशी चाललेली चढाओढ आणि युद्धानंतर जन्मलेल्या मुलांची वयात आलेली पिढी यांनी मिळून हा पूर आणला. याच काळात अमेरिकेत चर्चची भरभराट झाली आणि ओसरलीही. कॉलेजातली मुले आधी राजकारणापासून चार हात दूर होती, ती याच काळात रस्त्यावर उतरली. साठच्या दशकातल्या विद्यार्थी चळवळीचे चित्र सहसा वाढलेले केस, गिटार आणि बंडखोरी असे रंगवले जाते. तिची मुळे मात्र पुष्कळ अंशी पन्नासच्या दशकातल्या सोज्वळ, टाय लावणाऱ्या, रविवारी प्रार्थनेला जाणाऱ्या कॉलेजात सापडतात.

२२ जून १९४४ रोजी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सही केलेला कायदा लोकांच्या तोंडी ‘जी. आय. बिल’ या नावाने रुळला. युद्धावरून परतलेल्या सैनिकाला शिकायचे असेल तर फी, पुस्तके आणि साहित्य यांसाठी सरकार वर्षाला ५०० डॉलरपर्यंत देणार होते. शिवाय पोटापाण्यासाठी दरमहा ५० डॉलर आणि संसार असेल तर ७५ डॉलर मिळायचे. नामांकित विद्यापीठाची फीसुद्धा त्या रकमेत बसत असे. यामागे विद्याप्रेमापेक्षा धास्ती जास्त होती. १९३२ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या बेकार सैनिकांनी राजधानीत तळ ठोकला होता आणि त्यांना हुसकायला लष्कर बोलवावे लागले होते. या वेळी तर दीड कोटीहून अधिक माणसे गणवेश उतरवणार होती. त्यांना एकदम नोकऱ्या कुठून देणार?

विद्वानांना ही कल्पना फारशी रुचली नाही. शिकागो विद्यापीठाचे रॉबर्ट हचिन्स आणि हार्वर्डचे जेम्स कॉनंट या दोघांनीही दर्जा घसरेल अशी भीती जाहीरपणे बोलून दाखवली. झाले उलटेच. १९४७ साली कॉलेजात प्रवेश घेणाऱ्यांत जवळजवळ निम्मे माजी सैनिक होते आणि परीक्षांत ते सतरा-अठरा वर्षांच्या पोरांपेक्षा सरस ठरत होते. सगळे मिळून सुमारे २२ लाख सैनिक या कायद्याच्या आधाराने कॉलेजात शिकले. त्यांना राहायला जागा नव्हती, म्हणून विद्यापीठांच्या मैदानांवर लष्कराच्या अर्धगोल पत्र्याच्या बराकी उभ्या राहिल्या. त्यांच्या रांगांमधून दोऱ्यांवर बाळांचे लंगोट वाळत असत. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने डोक्यावर चिमुकली टोपी घालून सीनियरपुढे नमते घ्यायचे, अशी जुनी प्रथा कित्येक कॉलेजांत होती. युद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरून आलेल्या माणसाने असली टोपी घालणे शक्यच नव्हते.

या लाभाची वाटणी सारखी झाली नाही. १९३९-४० मध्ये दहा विद्यार्थ्यांत चार मुली असत, दहा वर्षांनी तीनच उरल्या. कृष्णवर्णीय सैनिकाला कायद्याने तोच हक्क होता, पण दक्षिणेतल्या राज्यांची सरकारी विद्यापीठे त्याला दारातही उभे करत नव्हती आणि कृष्णवर्णीयांसाठीची मोजकी कॉलेजे भरून वाहत होती. ओक्लाहोमा विद्यापीठाला न्यायालयाच्या रेट्यामुळे जॉर्ज मॅक्लॉरिन या साठी उलटलेल्या शिक्षकाला डॉक्टरेटच्या अभ्यासक्रमात घ्यावे लागले. घेतले ते असे, की त्यांनी वर्गाशेजारच्या खोलीत बसून दारातून व्याख्यान ऐकायचे, ग्रंथालयात वेगळ्या टेबलावर वाचायचे आणि कँटीनमध्ये इतर जेवतात त्या वेळी जेवायचे नाही. सर्वोच्च न्यायालयाने जून १९५० मध्ये हे सगळे रद्द ठरवले. त्याच दिवशी टेक्सासमधले टपाल वाटणारे हेमन स्वेट यांच्यासाठी विधी महाविद्यालयाचा दरवाजा उघडला. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणारा १९५४ चा प्रसिद्ध निकाल या दोन निकालांच्या पायावर उभा आहे.

ज्यूंची अडचण वेगळी होती. पूर्वेकडच्या प्रतिष्ठित विद्यापीठांत त्यांच्यासाठी अलिखित मर्यादा असे. १९४८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम इथे ज्यू समाजाच्या पैशाने ब्रँडाइस विद्यापीठ निघाले, ते कोणत्याही धर्माच्या विद्यार्थ्याला खुले ठेवूनच. १९५५ मध्ये तिथे एका तळ्याकाठी तीन छोटी प्रार्थनामंदिरे बांधली गेली: ज्यूंसाठी एक, कॅथलिकांसाठी एक, प्रॉटेस्टंटांसाठी एक. एकाची सावली दुसऱ्यावर पडू नये अशा बेताने त्यांची मांडणी आहे. नेमके त्याच वर्षी विल हर्बर्ग यांचे ‘प्रॉटेस्टंट-कॅथलिक-ज्यू’ हे पुस्तक आले. अमेरिकन माणूस आता आजोबांचा देश विसरत चालला आहे आणि ‘तू कोण?’ या प्रश्नाला या तीनपैकी एका धर्माचे नाव सांगतो आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ब्रँडाइसच्या तळ्याकाठी तेच म्हणणे विटा-काचांत उभे होते. हिंदू, मुसलमान, बौद्ध यांना त्या चित्रात जागा नव्हती. त्यांची अमेरिकेतली संख्याच तेव्हा नगण्य होती.

धर्माला तेव्हा खरोखरच भरती आली होती. १९४० साली लोकसंख्येपैकी साधारण निम्मे लोक कोणत्या ना कोणत्या चर्चचे किंवा सिनेगॉगचे सभासद होते. १९६० पर्यंत हे प्रमाण ६९ टक्क्यांच्या घरात गेले. बिली ग्रॅहम या तरुण धर्मोपदेशकाने १९४९ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये तीन आठवड्यांसाठी उभारलेला तंबू आठ आठवडे उतरवावा लागला नाही. बिशप फुल्टन शीन टीव्हीवर येऊन खडू-फळ्याच्या मदतीने प्रवचन देत आणि मनोरंजनाच्या कार्यक्रमांशी टक्कर घेत. नॉर्मन व्हिन्सेंट पील यांनी १९५२ च्या पुस्तकातून श्रद्धा ही यशाची आणि मनःशांतीची गुरुकिल्ली म्हणून विकली. 

सरकारही मागे नव्हते. ड्वाइट आयझेनहॉवर अध्यक्ष झाल्यावर काही दिवसांतच, १ फेब्रुवारी १९५३ रोजी, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढच्या वर्षी शाळकरी मुले रोज म्हणतात त्या राष्ट्रनिष्ठेच्या प्रतिज्ञेत ईश्वराचा उल्लेख घालण्यात आला. १९५६ मध्ये ईश्वरावर भरवसा व्यक्त करणारे वाक्य राष्ट्राचे अधिकृत बोधवाक्य झाले आणि १९५७ पासून ते कागदी नोटांवरही छापू लागले. शत्रू नास्तिक साम्यवादी, तेव्हा आपण आस्तिक, असा हा सरळ हिशेब होता. अमुकच धर्म हवा असा आयझेनहॉवर यांचा आग्रह नव्हता, काहीतरी श्रद्धा असली म्हणजे झाले. न्यूयॉर्कच्या युनियन धर्मविद्यालयातले राइनहोल्ड नीबूर यांच्यासारख्या गंभीर विचारवंताला या सोयीस्कर धार्मिकतेचा उबग आला होता. माणसाच्या आणि राष्ट्राच्या अहंकाराला धर्माने चाप लावायचा असतो, तो कुरवाळायचा नसतो, असे ते सतत लिहीत राहिले. गंमत अशी की १९४८ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने त्यांनाच मुखपृष्ठावर मानाने बसवले होते.

कॉलेजांच्या आवारात या भरतीचे पाणी सहज शिरले. कॅथलिक विद्यार्थ्यांची न्यूमन मंडळे, ज्यू विद्यार्थ्यांची हिलेल केंद्रे, प्रॉटेस्टंट पंथांची निरनिराळी विद्यार्थिगृहे आणि वाय. एम. सी. ए., वाय. डब्ल्यू. सी. ए. यांच्या शाखा जुन्याच होत्या. त्यांना आता गर्दी आणि पैसा दोन्ही मिळू लागले. १९५१ मध्ये बिल ब्राइट यांनी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात ‘कॅम्पस क्रुसेड फॉर क्राइस्ट’ ही नवी संघटना काढली. तिच्याकडे मोठ्या चर्चच्या विद्वान मंडळींनी फारसे लक्ष दिले नाही.

विद्यापीठ हे विद्यार्थ्याच्या आईबापांच्या जागी, हे तत्त्व तेव्हा कायद्यालाही मान्य होते. मुलींच्या वसतिगृहात बाहेर जाताना वहीत नाव लिहायचे आणि रात्री ठरल्या वेळेच्या आत परतायचे. मुलांवर मात्र असे बंधन क्वचितच असे. खोलीत भिन्नलिंगी पाहुणा असेल तर दार उघडे हवे आणि दोघांचे मिळून तीन पाय जमिनीवर हवेत, असा नियम अनेक ठिकाणी सांगितला जाई. या बंदिस्तपणाला तोंड फुटले ते १९५२ च्या वसंतात, पण कसे? मुलांच्या झुंडी मुलींच्या वसतिगृहांवर चाल करून त्यांची अंतर्वस्त्रे पळवू लागल्या आणि हे खूळ मिशिगनपासून देशभर पसरले. कोरियात युद्ध चालू असताना तरुणांना हे सुचते, यावर वर्तमानपत्रांनी डोके धरले. त्याआधी काही महिने ‘टाइम’ने या पिढीला मूक पिढी म्हटलेच होते.

तोंड उघडण्याची किंमतही मोठी होती. वॉशिंग्टन राज्याच्या विद्यापीठाने १९४९ मध्ये साम्यवादाशी संबंधाच्या आरोपावरून तीन प्राध्यापकांना काढले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामकांनी साम्यवादी नसल्याची शपथ मागितली आणि १९५० मध्ये ती नाकारणाऱ्या ३१ अध्यापकांना घरी बसवले. दोन वर्षांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले, पण तोवर बाकीच्यांनी घ्यायचा तो धडा घेतला होता. दुसऱ्या बाजूने १९५१ मध्ये येलमधून नुकतेच बाहेर पडलेले विल्यम बकली ‘गॉड अँड मॅन अ‍ॅट येल’ हे पुस्तक लिहून विद्यापीठावरच तुटून पडले. येल वरवर ख्रिस्ती म्हणवते आणि वर्गात मात्र अश्रद्धा व समाजवाद शिकवते, असा त्यांचा आरोप होता. अमेरिकेतल्या नव्या उजव्या विचाराची ही पहिली मोठी आरोळी. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेल्यावर संसदेने घाईघाईने कायदा करून विद्यार्थ्यांना कर्जे आणि विज्ञानशिक्षणाला पैसा दिला. त्यालाही निष्ठेची प्रतिज्ञा जोडलेली होती. तिच्या निषेधार्थ हार्वर्ड आणि येल त्या योजनेतून बाहेर पडली आणि १९६२ मध्ये ती अट काढून टाकावी लागली.

फिलिप जेकब यांनी १९५७ मध्ये विद्यार्थ्यांच्या मूल्यांविषयीच्या पाहण्या एकत्र करून काढलेला निष्कर्ष निराशाजनक होता: विद्यार्थी स्वतःवर खूश आहेत, धर्म मानतात, पण तो रविवारच्या कप्प्यात ठेवतात, रोजच्या व्यवहाराशी आणि सार्वजनिक प्रश्नांशी त्याचा संबंध जोडत नाहीत. बहुसंख्य गोऱ्या कॉलेजांपुरते हे खरेच होते. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय कॉलेजांत चित्र निराळे होते आणि तिथल्या घडामोडीचा एक धागा थेट महाराष्ट्रात येतो.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय धर्मशिक्षकांना गांधीजींचे आकर्षण जुने होते. त्यांतले हॉवर्ड थर्मन १९३६ मध्ये बारडोलीला त्यांना भेटले. पुढे अटलांटाच्या मोरहाऊस कॉलेजचे प्राचार्य झालेले बेंजामिन मेज १९३६-३७ च्या भारतभेटीत वर्ध्याला त्यांच्याशी बोलले. पुढे नागरी हक्क चळवळीचे नेते झालेले मार्टिन ल्यूथर किंग हे मोरहाऊसमध्ये मेज यांचे विद्यार्थी. हॉवर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष मॉर्डकाय जॉन्सन भारतातून परतल्यावर त्यांचे भाषण किंग यांनी ऐकले आणि बाहेर पडून गांधींवरची पाच-सहा पुस्तके विकत घेतली. ही सगळी ओळख प्रवचनांची आणि पुस्तकांची होती. सत्याग्रहाचे तंत्र वर्गात शिकवता येईल अशा रूपात अमेरिकेला नेले ते नागपुरात तीन वर्षे राहिलेल्या एका मेथडिस्ट तरुणाने.

जेम्स लॉसन यांचा जन्म १९२८ चा. वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक. ओहायोतल्या बॉल्डविन-वॉलेस कॉलेजात शिकताना त्यांची शांततावादी ए. जे. मस्टी यांच्याशी ओळख झाली. कोरियन युद्धासाठी सक्तीच्या सैन्यभरतीचे कागद आले तेव्हा त्यांनी नोंदणीलाच सहकार्य नाकारले. धर्मोपदेशक होऊ घातलेल्या विद्यार्थ्याला सवलत मिळत असे, तीही त्यांनी मागितली नाही. परिणामी तुरुंगवास झाला आणि तेरा महिने आत काढल्यावर सुटका झाली. १९५३ मध्ये मेथडिस्ट चर्चतर्फे ते नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले. १८८३ मध्ये सुरू झालेले हे कॉलेज स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या नावाने चालते. लॉसन तिथे खेळांचे प्रशिक्षक होते. सेवाग्राम नागपूरपासून जेमतेम पाऊणशे किलोमीटरवर. गांधींना जाऊन पाच-सहा वर्षेच झाली होती आणि त्यांच्याबरोबर चळवळीत वावरलेली माणसे त्या भागात ठिकठिकाणी होती. मीठ उचलण्याआधी वर्षानुवर्षे चाललेली तयारी, स्वयंसेवकांची शिस्त, कोणत्या वेळी कोणता कायदा मोडायचा याचा विचार, हे लॉसन यांनी इथे समजून घेतले. डिसेंबर १९५५ मध्ये ‘नागपूर टाइम्स’मध्ये त्यांनी अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरीत किंग यांच्या नेतृत्वाखाली वर्णभेदाविरुद्ध सुरू झालेल्या बसबहिष्काराची बातमी वाचली. आपण आनंदाने टाळ्या पिटल्या, असे पुढे त्यांनीच सांगितले आहे. 

१९५६ मध्ये ते परतले आणि ओहायोच्या ओबर्लिनमध्ये धर्मशास्त्र शिकू लागले. फेब्रुवारी १९५७ मध्ये किंग तिथे भाषणाला आले. दोघेही २८ वर्षांचे. पदवी संपवून मग दक्षिणेत काम करायचा विचार आहे, असे लॉसन यांनी सांगितल्यावर किंग यांनी थांबू नका, लगेच या, असा आग्रह धरला. लॉसन टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला गेले आणि तिथल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या धर्मशास्त्र विभागात त्यांनी नाव घातले.

नॅशव्हिलमध्ये फिस्क, टेनेसी ए. अँड आय., मेहॅरी वैद्यकीय महाविद्यालय आणि अमेरिकन बॅप्टिस्ट धर्मविद्यालय अशा कृष्णवर्णीयांच्या संस्था जवळजवळ होत्या. क्लार्क मेमोरियल या मेथडिस्ट चर्चमध्ये संध्याकाळी लॉसन यांचे शिबिर भरे. येणारी मुले पंधरा-वीसच असत. त्यांत जॉन लुईस, डायान नॅश, जेम्स बेव्हल, बर्नार्ड लाफायेत होते. लुईस पुढे तीन दशकांहून अधिक काळ अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात बसले. आधी ख्रिस्ताचे पर्वतावरील प्रवचन, थोरो आणि गांधी यांवर चर्चा होई. मग खुर्च्या ओळीने मांडून हॉटेलचे काउंटर तयार होई. काही जण ग्राहक म्हणून बसत, बाकीचे गोरे गुंड होत. ते शिव्या देत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडत, खुर्चीवरून खाली ओढत. खाली पडल्यावर डोके कसे झाकायचे, शेजाऱ्याला मार बसत असेल तर मध्ये कसे पडायचे, आणि मुख्य म्हणजे मारणाऱ्याच्या डोळ्याला डोळा कसा भिडवायचा, हे पुन्हा पुन्हा घोटून घेतले जाई. एखाद्याचा तोल सुटला आणि त्याने हात उगारला तर त्याला बाजूला बसवत.

शहरातल्या मोठ्या दुकानांत कृष्णवर्णीयांना कापड, भांडी, वह्या सारे विकत मिळे. त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर बसायला मात्र मनाई होती. नोव्हेंबर-डिसेंबर १९५९ मध्येच या मुलांनी दोन दुकानांत जाऊन नकार पदरात पाडून घेतला होता. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो इथे चार विद्यार्थी वूलवर्थच्या काउंटरवर बसले आणि हा प्रकार देशभर गाजला. नॅशव्हिलची मंडळी तयारच होती. १३ फेब्रुवारीला सुमारे सव्वाशे विद्यार्थी चर्चला जाताना घालतात तसे कपडे घालून, हातात अभ्यासाची पुस्तके घेऊन काउंटरवर जाऊन बसले. वाढत नाही म्हटले की वाचत बसायचे. २७ फेब्रुवारीला त्यांना मारहाण झाली आणि पोलिसांनी मारणाऱ्यांना सोडून बसणाऱ्यांपैकी ८१ जणांना पकडले. एक रांग गाडीत चढवली की दुसरी रिकाम्या स्टुलांवर येऊन बसे. दंड भरायला त्यांनी नकार दिला. कृष्णवर्णीय कुटुंबांनी ईस्टरच्या ऐन हंगामात बाजारपेठेकडे पाठ फिरवली, हे दुकानदारांना अधिक झोंबले. १९ एप्रिलला विद्यार्थ्यांचे वकील अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बाँब पडला. त्याच दिवशी हजारो लोक मुक्याने चालत नगरपालिकेवर गेले. पायरीवर महापौर बेन वेस्ट उभे होते. डायान नॅश यांनी त्यांना सरळ विचारले, की निव्वळ रंगामुळे माणसाला वेगळे वागवणे तुम्हाला योग्य वाटते का? वेस्ट यांनी नाही म्हणून कबूल केले. १० मे रोजी सहा दुकानांची काउंटरे सर्वांना खुली झाली.

व्हँडरबिल्टने मात्र लॉसन यांना मार्चमध्येच काढून टाकले होते. विद्यापीठाच्या विश्वस्तांत शहरातल्या एका दैनिकाचे मालक होते आणि ते दैनिक लॉसन यांच्या हात धुऊन मागे लागले होते. या हकालपट्टीच्या निषेधार्थ धर्मशास्त्र विभागाच्या प्रमुखांसह बहुतेक प्राध्यापकांनी राजीनामे दिले. शेवटी तडजोड निघाली, पण लॉसन यांनी बॉस्टन विद्यापीठात जाऊन पदवी घेतली. २००६ मध्ये व्हँडरबिल्टनेच त्यांना अभ्यागत प्राध्यापक म्हणून बोलावले.

एप्रिल १९६० मध्ये नागरी हक्क चळवळीतल्या कार्यकर्त्या एला बेकर यांनी ठिकठिकाणच्या सत्याग्रही विद्यार्थ्यांना रॅली या शहरातल्या शॉ विद्यापीठात एकत्र आणले. तिथे ‘स्निक’ या नावाने ओळखली जाणारी विद्यार्थी समन्वय समिती जन्मली. तिचा पहिला जाहीरनामा लॉसन यांनी लिहिला आणि त्यात अहिंसेचा आधार धर्मपरंपरेत सांगितला. वसतिगृहांच्या नियमांवरही या सत्याग्रहाचा असा परिणाम झाला, जो कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. मॉन्टगोमेरीतल्या सरकारी कॉलेजाने काउंटरवर बसलेल्या विद्यार्थ्यांना सुनावणीशिवाय काढले तेव्हा ते न्यायालयात गेले. १९६१ च्या निकालाने सरकारी विद्यापीठांचा ‘आईबापांच्या जागी’ असण्याचा अधिकार खिळखिळा केला.

गोऱ्या विद्यार्थ्यांपर्यंत ही ठिणगी बऱ्याचदा धार्मिक वाटेनेच पोचली. वाय. डब्ल्यू. सी. ए.ने १९४६ मध्येच वंशभेदाविरुद्ध सनद स्वीकारली होती. ऑस्टिनमध्ये टेक्सास विद्यापीठाची वसतिगृहे विभागलेली असताना शेजारच्या एका ख्रिस्ती निवासात गोरे-काळे विद्यार्थी एकत्र राहत. तिथल्या सँड्रा केसन, पुढच्या केसी हेडन, यांनी १९६० च्या राष्ट्रीय विद्यार्थी परिषदेत सत्याग्रहींच्या बाजूने भाषण करून सभागृह हलवले. त्यांचे पती टॉम हेडन हे मिशिगनच्या विद्यार्थी दैनिकाचे संपादक. १९६२ मध्ये पोर्ट ह्युरॉनला तयार झालेल्या डाव्या विद्यार्थी संघटनेच्या जाहीरनाम्याचा मसुदा मुख्यतः त्यांचा. बकली यांच्या कनेक्टिकटमधल्या घरी सप्टेंबर १९६० मध्ये उजव्या तरुणांचीही संघटना निघाली होती. इतिहासकारांचे तिच्याकडे लक्ष बऱ्याच उशिरा गेले.

१९६४ च्या उन्हाळ्यात शेकडो गोरे विद्यार्थी मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या मतदारनोंदणीला गेले. त्यांच्या प्रशिक्षणाची सोय चर्चच्या राष्ट्रीय परिषदेने ओहायोतल्या एका कॉलेजात केली होती. त्यांत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातला तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी मारिओ सॅव्हिओ होता. मूळचा कॅथलिक, लहानपणी चर्चमध्ये धर्मगुरूंचा सेवेकरी. परतल्यावर आवाराच्या दाराशी टेबल मांडून राजकीय पत्रके वाटायला विद्यापीठाने बंदी घातल्याचे त्याला कळले. १ ऑक्टोबरला पोलिसांनी टेबलावरच्या एका कार्यकर्त्याला गाडीत घातले, तशी विद्यार्थ्यांनी गाडीभोवती बसकण मारली आणि ती ३२ तास हलू दिली नाही. सॅव्हिओने गाडीच्या टपावर चढून भाषण केले. चढण्याआधी बूट काढले, टपाला पोचे पडू नयेत म्हणून. डिसेंबरात प्रशासन इमारतीत सुमारे ८०० जणांना अटक झाली आणि अखेर विद्यापीठाने नमते घेतले.

व्हिएतनाम युद्धाने राजकारण प्रत्येक वसतिगृहात नेऊन ठेवले. पूर्णवेळ विद्यार्थ्याला सैन्यभरतीतून तात्पुरती सूट होती, म्हणजे जंगलात मरायला जात होती ती कॉलेजची फी न परवडणारी मुले. येलचे धर्मोपदेशक विल्यम स्लोन कॉफिन १९६१ मध्ये दक्षिणेतल्या वर्णभेदविरोधी बसयात्रेत अटक करवून घेऊन आले होते. आता ते भरती नाकारणाऱ्यांच्या पाठीशी राहिले आणि १९६८ मध्ये त्यांच्यावर खटला झाला. कॉर्नेलमध्ये काम करणारे जेझुइट कवी डॅनियल बेरिगन यांनी त्याच वर्षी मेरीलँडमधल्या केटन्सव्हिल इथे साथीदारांसह भरती कार्यालयातले कागद बाहेर आणून जाळले.

रस्त्यावर धर्माचा आवाज असा चढत असताना त्याचे घर मात्र रिकामे होत होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ आणि १९६३ मध्ये सरकारी शाळांतली प्रार्थना आणि बायबलवाचन घटनाबाह्य ठरवले. धर्माचा अभ्यास मात्र चालेल असेही म्हटले. त्यामुळे सरकारी विद्यापीठांत धर्माभ्यासाचे विभाग झपाट्याने निघाले. जिथे श्रद्धा जोपासली जाई तिथे आता तिचा अभ्यास होऊ लागला. ‘स्निक’ने अहिंसेची धार्मिक भाषा सोडली आणि १९६६ मध्ये स्टोकली कारमायकेल यांनी कृष्णवर्णीयांच्या सत्तेची घोषणा दिली. ख्रिस्ती विद्यार्थी संघटनांचा महासंघ तर १९६९ मध्ये स्वतःच ठराव करून विसर्जित झाला. खरे काम बाहेर रस्त्यावर आहे, मग वेगळी धार्मिक संघटना कशाला, असे त्यातल्या अनेकांना वाटत होते. ४ मे १९७० रोजी केंट स्टेट विद्यापीठात युद्धविरोधी निदर्शनांच्या वेळी नॅशनल गार्डच्या गोळ्यांनी चार विद्यार्थी मारले गेले. पुढच्या वर्षी घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले.

मोकळी झालेली जागा फार काळ मोकळी राहिली नाही. दोन दशके दुर्लक्षित राहिलेल्या कॅम्पस क्रुसेडने जून १९७२ मध्ये डॅलसला भरवलेल्या मेळाव्यात सुमारे ८० हजार तरुण जमले. बिली ग्रॅहम तिथे प्रमुख वक्ते होते. त्याआधीच्या वर्षी व्हर्जिनियातल्या लिंचबर्गमध्ये जेरी फॉलवेल या बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाने आपल्या चर्चच्या आधाराने कॉलेज काढले, तेच आजचे लिबर्टी विद्यापीठ. किंग यांच्या चळवळीच्या काळात फॉलवेल यांनी धर्मोपदेशकांनी राजकारणात पडू नये असे व्याख्यान दिले होते. १९७९ मध्ये त्यांनी ‘मॉरल मेजॉरिटी’ ही राजकीय संघटना स्थापन केली आणि १९८० च्या निवडणुकीत रोनाल्ड रेगन यांच्या बाजूने मतदार उभे करायला ती मैदानात उतरली.